मिसेस टॅनोक यांच्या नावावरची रेघ

"खालून बेलचं बटण दाबून परत फिरायचं नाही, पोरी," नेटा पर्डीने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "जिना चढायचा. ज्यांना उतरता येत नाही, ती माणसं वरच असतात."

मी "हो हो" म्हणाले आणि माझ्या लेकीच्या, एफीच्या तोंडातून पडलेली चोखणी उचलून पुसत राहिले. मनात म्हटलं, झालं यांचं सुरू. नेटा सत्तरीची. चाळीस वर्षं ग्लासगोच्या आमच्या भागात पक्षासाठी दारं ठोठावलेली. मी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकलेली, मतदारांच्या कलावर प्रबंध लिहिलेली. जिने चढण्यात शिकण्यासारखं काय असतं, असं मला वाटलं होतं.

आमच्या खासदाराने मधेच राजीनामा दिला आणि ऐन फेब्रुवारीत पोटनिवडणूक लागली. पक्षाने एक बंद पडलेलं केशकर्तनालय महिनाभरासाठी भाड्याने घेतलं. आरसे भिंतींवर तसेच होते, फिरत्या खुर्च्याही तशाच. कार्यकर्ते त्या खुर्च्यांत बसून पत्रकांच्या घड्या घालायचे. एफी आठ महिन्यांची होती आणि घरात तिच्या श्वासांवर लक्ष ठेवून ठेवून मला वेड लागायची पाळी आली होती. माझा नवरा स्ट्रूअन तीन आठवडे समुद्रात तेलविहिरीच्या फलाटावर कामाला असतो, तीन आठवडे घरी. हा समुद्रातला काळ होता. "जा की बाहेर, माणसांत," तो फोनवर म्हणाला. म्हणून मी गेले.

मला सगळं दिसतं, ही माझी खोड. एफी झाल्यापासून तर फारच. गरम चहाचा कप टेबलाच्या काठापासून किती बोटं आत आहे, बसमधला कुठला माणूस खोकतोय, कुणाच्या कुत्र्याचा पट्टा सैल आहे, सगळं टिपत असते मी. हे मुद्दाम सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, बिचारीच्या लक्षात आलं नसेल.

एडिनबराहून दूगल नावाचा एक संघटक पाठवला होता, लॅपटॉप आणि दोन फोन घेऊन. त्याचं मतदारयादीचं ॲप तिसऱ्या दिवशी बसलं आणि पुन्हा उठलंच नाही. मग नेटाने आपले कागद काढले. रस्त्यागणिक, जिन्यागणिक मतदारांची नावं. खुणा तिच्याच: आपला असेल त्याला गोल, त्यांचा असेल त्याला फुली, ठरलं नसेल त्याला प्रश्नचिन्ह. आणि ज्याने टपालाने आधीच मत दिलंय त्याच्या नावावरून आडवी रेघ. रेघ मारलेल्या नावाकडे मतदानाच्या दिवशी कुणी जायचं नाही, कारण काम झालेलं असतं. गोलवाल्यांकडे मात्र ते शाळेत, म्हणजे मतदान केंद्रावर, जाऊन मत टाकून येईपर्यंत पुन्हा पुन्हा जायचं.

लार्कम्यूर स्ट्रीट दर वेळी नेटाच करायची. या वेळी तिचा खुबा इतका दुखत होता, की ती केशकर्तनालयाच्या खुर्चीतून उठायची तीच मुळी शिव्या घालत. ती गल्ली तिने मला दिली.

"चौदा नंबरला सगळ्यात वर डावीकडे मिसेस टॅनोक आहेत," ती म्हणाली. "वय चौऱ्याऐंशी. त्यांना सांग, या खेपेला नेटाच्या ऐवजी मी तुम्हाला हात धरून शाळेत नेणार. आणि चहा दिला तर नाही म्हणू नकोस, अपमान होतो."

चाळीस वर्षांची ओळख, तरी नेटा त्यांना मिसेस टॅनोकच म्हणायची. जवळच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं त्यांनी मुलांना सूप वाढलं होतं. नेटाची मुलंही त्यांच्याच हातचं जेवली होती. मतदान केंद्र त्याच शाळेत असायचं. दोघींचा ठरलेला कार्यक्रम होता: नेटाने वर जायचं, चहा घ्यायचा, मग बाईंनी हॅट घालायची आणि दोघींनी हातात हात घालून सावकाश उतरायचं.

मतदान गुरुवारी होतं. बुधवारी दुपारी तीनला मी चौदा नंबरच्या खाली बाबागाडी घेऊन उभी होते. एफीला आदल्या दिवशी लस टोचली होती. अंग कोमट होतं, रात्रभर रडून आत्ता कुठे झोपली होती. बारीक पाऊस आडवा येत होता. मी वरच्या मजल्याचं बटण दाबलं. उत्तर नाही. पुन्हा दाबलं. तेवढ्यात तळमजल्याचा कुणीतरी बाहेर पडला आणि त्याने माझ्यासाठी दार धरून ठेवलं.

समोर जिना. दगडी, मधोमध झिजलेला, अंधारात वर वळत गेलेला. तीन मजले. गाडी खाली ठेवायची तर मागच्याच महिन्यात आमच्या गल्लीतून एक गाडी चोरीला गेली होती. एफीला उचलायचं तर ती जागी होणार. मी पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला, एफीने झोपेत नुसतं "अं" केलं आणि मी पाय मागे घेतला.

कागदावर त्या जिन्यातली अजून पाच नावं बाकी होती. चारला दूगलला सगळे कागद हवे होते. "उत्तर नाही" असं लिहिलं असतं, तर संध्याकाळी मलाच परत यावं लागलं असतं. मी पेन्सिल काढली. तिथेच, टपालपेट्यांच्या खाली, पाचही नावांना अंदाजाने खुणा केल्या. दोन गोल, दोन फुल्या, एक प्रश्नचिन्ह. आणि मिसेस टॅनोक यांच्या नावावरून एक सरळ, नीटस रेघ मारली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई टपालानेच देत असणार, असं मी स्वतःला सांगितलं. हात धरून नेण्याबद्दल मला जे सांगितलं होतं, ते त्या वेळी आठवत नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. आठवत होतं.

गुरुवारी सकाळी नऊला नेटा खुर्चीत बसून कागद चाळत होती. मी आरशासमोर एफीला भरवत होते. आरशात मला तिचे हात थांबलेले दिसले.

"मॉर्वेन, ही रेघ तू मारलीस?"

"कुठली?"

"मिसेस टॅनोक. टपालाने मत दिलं म्हणतेस? अगं, त्या वाढदिवसाचं कार्डसुद्धा पेटीत टाकत नाहीत. हातात नेऊन देतात."

"त्याच म्हणाल्या," मी म्हणाले. "मला म्हणाल्या, या थंडीत कशाला."

इतकं सहज आलं ते तोंडातून! 'या थंडीत कशाला' हे तर मी त्याच क्षणी रचलं. नेटा आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मी एफीच्या हनुवटीवरची लापशी चमच्याने गोळा करत होते. एवढी लापशी नव्हतीच तिथे.

"फोन उचलत नाहीयेत," नेटा म्हणाली. "काल संध्याकाळपासून तीनदा केला. कानाने कमीच ऐकू येतं त्यांना, तसं नवीन नाही. पण तू जा बाई एकदा वर. मला म्हण शंकेखोर, म्हण म्हातारी, पण जा. विचार, मी काही चुकले का म्हणून माझ्याशिवाय मत टाकलं."

हे शेवटचं ती हसत म्हणाली. पण तिला लागलं होतं. माझ्या रेघेमुळे तिला वाटत होतं, की चाळीस वर्षांनी मिसेस टॅनोक यांनी तिला वगळलं.

"एफीला ठेव माझ्याकडे," ती म्हणाली. "खुबा गेला तरी मांडी शाबूत आहे."

आता गाडी नव्हती, मूल नव्हतं, सबब नव्हती. टाळत टाळत बाराच्या सुमाराला मी जिना चढले. वर पोचेपर्यंत मला दम लागला होता, पण तो जिन्यामुळे नव्हता. मी मनात सारखी एकच गोष्ट घोळवत होते: दार उघडून बाई म्हणाल्या, 'मी कधी टपालाने दिलं? कोण म्हणतं?' तर? त्या हॅट घालून माझा हात धरून केशकर्तनालयात येतील आणि सगळ्यांसमोर नेटाला विचारतील, 'ही मुलगी माझ्याकडे कधी आली होती?'

वरच्या मजल्यावर दोन दारं. उजवीकडे शौकत, टॅक्सी चालवतो. कागदावर त्याला गोल होता, म्हणून मी आधी तिकडे वळले. आधी तिकडेच, असं मी ठरवून टाकलं. त्याने दार उघडलं तेव्हा एका पायात मोजा होता.

"पुन्हा तुमचा पक्ष!" तो म्हणाला. "सकाळपासून तिसऱ्यांदा. अहो, एवढ्या वेळा तर माझी सासूसुद्धा येत नाही."

"मत टाकलंत की कुणी नाही येणार."

"टाकतो, बाई, टाकतो. रात्रपाळी करून आत्ता उठलोय. निदान मोजे तर घालू द्या."

"मोजे नंतर घाला. शाळा दोन मिनिटांवर आहे."

"ही लोकशाही आहे की फौजदारी?" तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो. चांगलं मोठ्याने हसलो. जिन्यात आवाज घुमतो.

त्याने दार लावलं. मी वळले. डावीकडच्या दाराच्या मुठीला जिन्याची पाटी अडकवलेली होती. आमच्याकडच्या जुन्या इमारतींत ही पद्धत अजून आहे: जिना धुवायची पाळी ज्याची, त्याच्या मुठीला शेजारी दोरीची पाटी अडकवतो, 'या आठवड्यात तुमची पाळी.' ज्याच्या दाराला ती लागते, तो दार उघडताक्षणी आत घेतो. आपल्या दाराला ती लोंबकळत राहणं म्हणजे आळशी म्हणून नाव लागणं. आमच्या आजूबाजूच्या बायका पाटी लागल्याच्या तासाभरात गुडघ्यांवर बसून जिना घासत असतात.

जिना कोरडा होता. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत दोन दिवसांची धूळ आणि आमच्याच पक्षाचं एक पत्रक पडलेलं होतं. म्हणजे पाटी आज लागलेली नव्हती. मला दिसलं. मी म्हटलं ना, मला सगळं दिसतं.

आणि आतून आवाज आला. टिक, टिक. थोडं थांबून पुन्हा टिक. धातूवर धातू. चमचा पातेल्यावर आपटावा तसा.

मला काय वाटलं सांगू? मला हायसं वाटलं. भांडी घासतायत, म्हटलं. बऱ्या आहेत, कामात आहेत, कशाला उगाच त्यांना दाराशी बोलवायचं. आता मी नेटाला 'बऱ्या आहेत' म्हणाले तर ते अगदीच खोटं होणार नाही. दार वाजवायला उचललेला हात मी खिशात घातला आणि पायांचा आवाज होऊ न देता खाली उतरले.

"भेटल्या?" नेटाने विचारलं.

"हो. भांडी घासत होत्या. बऱ्या आहेत."

"माझ्याबद्दल काही म्हणाल्या?"

"तुमच्या खुब्याला शेक घ्या म्हणाल्या."

नेटाचा चेहरा उजळला. "हे मात्र त्याच म्हणणार," ती म्हणाली, आणि एफीच्या पोटात नाक घालून तिला हसवायला लागली.

शुक्रवारी सकाळी रेडिओवर निकाल ऐकला. आमचा उमेदवार दोन हजारांहून जास्त मतांनी निवडून आला होता. दुपारी केशकर्तनालयात सगळे जमले. चौकोनी सॉसेजचे पाव आले, कुणीतरी केक आणला, दूगलने फिरत्या खुर्चीत बसून स्वतःला गरागरा फिरवून घेतलं. तेवढ्यात नेटाचा फोन वाजला.

शौकत होता. एवढ्या गलक्यात नेटाला ऐकू येईना, तिने हात वर केला आणि सगळे गप्प झाले. त्यामुळे त्याचं बोलणं आम्हाला सगळ्यांनाच ऐकू गेलं. तो दुपारी कामावर निघाला, तेव्हा पाटी अजून शेजारच्या मुठीलाच होती. बुधवारी सकाळी त्यानेच ती अडकवली होती. त्याने दार वाजवलं, मग ठोकलं, मग खांद्याने तोडलं. मिसेस टॅनोक स्वयंपाकघरात ओट्याखाली पडल्या होत्या. जिवंत होत्या. बोलत होत्या पण काहीबाही, कुठल्याशा मुलांना सूप घ्यायला रांगेत उभं करत होत्या. तो आता इस्पितळातच होता. नेटाचा नंबर बाईंच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलेला होता, तिथून त्याने घेतला.

"डॉक्टर विचारतायत, शेवटचं कुणी कधी बघितलं," त्याचा आवाज आला. "किती तास पडून आहेत ते त्यांना पाहिजे. माणूस एका अंगावर पडून राहिला की स्नायू सडायला लागतात म्हणे, आणि ते सगळं मूत्रपिंडात जातं. तासांवर औषध ठरतं."

"काल दुपारी बारापर्यंत बऱ्या होत्या," नेटा लगेच म्हणाली. "आमच्या मॉर्वेनने डोळ्यांनी बघितलंय. भांडी घासत होत्या." आणि माझ्याकडे बघून, "हो ना गं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या आरशांतूनही बघितलं.

मी मान डोलावली.

"हो," नेटा फोनवर म्हणाली. "काल बारा. पक्कं."

पुढची पंचवीस मिनिटं मी एफीला घेऊन बसले होते. केक कुणी कापला नाही. दूगल म्हणाला, "नशीब, निदान एकच दिवस." एक जण म्हणाला, "म्हातारी माणसं चिवट असतात." नेटाने टॅक्सी मागवली होती आणि तिची वाट बघत ती कोट घालायचा प्रयत्न करत होती, बाही सापडत नव्हती. मी हिशोब करत होते. पाटी बुधवारी सकाळी लागली आणि बाईंनी ती आत घेतली नाही. म्हणजे बुधवारी सकाळीच त्या पडलेल्या होत्या. मी खाली टपालपेट्यांपाशी रेघ मारत होते तेव्हा त्या पडलेल्या होत्या. शौकतच्या मोज्यांवर आम्ही हसलो तेव्हाही. तिकडे डॉक्टर एका दिवसाचा अंदाज धरून काय ते करत होते आणि खरे दोन दिवसांहून जास्त झाले होते. हे सगळं मला पहिल्या मिनिटातच कळलं होतं. उरलेली चोवीस मिनिटं मी या लोकांचे चेहरे बघत होते, आणि उद्यापासून ते माझ्याकडे कसे बघतील याचा विचार करत होते.

एफीने माझं बोट तोंडात घातलं आणि नव्या दाताने कचकन चावलं. मी उभी राहिले.

"मी दार वाजवलं नव्हतं."

"काय?" दूगल म्हणाला.

"काल. मी वर गेले होते, पण त्यांचं दार वाजवलं नाही. त्यांना बघितलं नाही."

"मग बुधवारी तर बघितलंस," दूगल म्हणाला. "टपालाचं त्या बोलल्या ना तुझ्याशी."

"नाही. बुधवारी मी चढलेच नाही. एफी झोपली होती."

मी नेटाकडे बघू शकत नव्हते, आणि त्या खोलीत कुठेही बघितलं तरी ती दिसत होती. तिने अर्धा घातलेला कोट तसाच ठेवून फोन उचलला.

"शौकत, बाळा, डॉक्टरांना दे," ती म्हणाली. मग सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा काढून: "आमच्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. काल बाराला कुणी बघितलेलं नाही. मंगळवारी रात्री आठला मी स्वतः फोनवर बोलले. त्यानंतर कुणी नाही. हो. बुधवार सकाळ धरा. हो, आमची चूक."

आमची, म्हणाली ती. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "मला शेक घ्यायला सांगितला, म्हणालीस." एवढंच.

मिसेस टॅनोक वाचल्या. आठ दिवस मूत्रपिंडाच्या यंत्रावर होत्या, मोडलेल्या खुब्यात सळई घातली. ती खरी वेळ अर्धा तास उशिराने कळली हे कितपत नडलं, हे मी एका नर्सला विचारलं. ती म्हणाली, "असं सांगता येत नाही." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच सांगता येत नाही म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

तीन आठवड्यांनी मी गेले. एफीला बरोबर घेतलं होतं. तेव्हा म्हणाले, ठेवायला कुणी नाही म्हणून. खरं तर मूल कडेवर असलं की माणसं ओरडत नाहीत.

उशीवर अगदी लहानसा चेहरा होता, पण डोळे लखलखीत.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी. एफी."

"गुबगुबीत आहे हो. आणि तू?"

"मॉर्वेन. पक्षाकडून आलेय."

"तुझा आवाज मी ऐकलाय," त्या म्हणाल्या. "कानाने काही धड ऐकू येत नाही मला, पण जिन्यातलं येतं. 'मोजे नंतर घाला.' तूच ना?"

"हो."

"मला तशातही हसू आलं होतं. म्हटलं, आता ही माझ्याकडे वळणार. हाताशी चमचा पडला होता. ओट्याच्या लोखंडी पायावर वाजवला मी."

"मी ऐकलं," मी म्हणाले.

"ऐकलंस?"

"मला वाटलं, भांडी घासताय."

"मग दार का नाही वाजवलंस?"

त्या रागाने विचारत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. दारापर्यंत येऊन दार न वाजवणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. मी सगळं सांगितलं. रेघ, थंडीचं, शेकाचं, मान डोलावल्याचं, पंचवीस मिनिटांचं. सांगताना माझ्या लक्षात आलं, की मी एफीच्या लसीपासून सुरुवात केली होती. तिथेही आधी सबबच.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे नेटाला वाटलं, मी तिला सोडून मत टाकलं?"

"हो."

"ते तू तिला सांगायला नको होतंस," त्या म्हणाल्या. खिडकीबाहेर वाहनतळ होता, त्यांनी तो नीट बघून घेतला. "लेकराला घेऊन जा आता. इथे सगळे खोकत असतात, तिला कसली तरी लागण होईल." मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाल्या, "आणि पुन्हा येऊ नकोस, पोरी."

मे महिन्यात त्या घरी आल्या. सकाळी एक मदतनीस बाई वीस मिनिटं येते, अंघोळ आणि न्याहारी उरकून पुढच्या घरी पळते. शौकतने जूनमध्ये घर बदललं, समोरचं घर सध्या रिकामं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी नेटा जायची, आपल्या त्या खुब्यासकट तीन मजले चढून. आता तिचीही शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यानंतर तीन महिने ती अ‍ॅबर्डीनला मुलीकडे राहणार. मला हे दूगलकडून कळलं. नेटा मला रस्त्यात भेटली तर एफीशी बोलते.

मी दोनदा गेले. पहिल्यांदा जिना चढून दार वाजवलं, आतून वॉकर सरकत आल्याचा आवाज आला, दाराच्या भिंगाआड अंधारलं, आणि वॉकर तसाच परत गेला. दुसऱ्यांदा त्यांनी आतून विचारलं, "कोण?" मी नाव सांगितलं. दार उघडलं नाही. तो त्यांचा हक्क आहे. पण मी दर आठवड्याला तिथे जाऊन उभी राहिले, तर त्या माझ्यामुळे प्रत्येकालाच दार उघडायचं बंद करतील, अशी मला भीती वाटते. गल्लीतल्या दोघींना मी विचारलं. दोघी म्हणाल्या, बघू.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही त्या बाजूला राहत असाल किंवा कामाने कधी जात असाल, तर लार्कम्यूर स्ट्रीट, चौदा नंबर, सगळ्यात वर डावीकडे. दुपारी जा, सकाळची बाई अकराच्या आत निघून गेलेली असते. दार जोरात वाजवा आणि पाच मिनिटं थांबा, त्यांना खुर्चीतून उठून यायला तेवढी लागतात. शाळेतल्या सूपबद्दल विचारलं तर बोलतील. चहा दिला तर घ्या. माझं नाव काढू नका. येत्या मंगळवारी नेटाला दाखल करणार आहेत, तेव्हा जमलं तर बुधवारीच जा.